राष्ट्रीय मोटार-रॅलीची तीन तपे

मोटारींच्या रॅलीला कायमचे मैदान नसते. ज्या मैदानावर एखादा कसोटी सामना खेळला गेला ते मैदान अर्धशतकानंतरही आपल्या जागी असते आणि जुन्या प्रेक्षकाला बोट दाखवून नातवाला काही सांगता येते. रॅली मात्र दोन-तीन दिवसांपुरत्या एखाद्या तालुक्यातील कच्च्या वाटा, कॉफीच्या मळ्यांतील रस्ते किंवा माळरानावरील पायंडे सरकारी मंजुरीने ताब्यात घेते, तेथे सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजमाप करून आपले विजेते ठरवते, आणि सोमवार उजाडताच त्याच वाटांवरून दुधाचे कॅन बांधलेल्या मोटारसायकली पुन्हा जाऊ लागतात. भारतीय राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाचा, म्हणजे आय.एन.आर.सी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धामालिकेचा, इतिहास मांडू पाहणाऱ्यासमोर पहिली अडचण उभी राहते ती हीच, की ज्या भूमीवर तो घडला ती भूमी त्याची कोणतीही खूण बाळगीत नाही.

ही मालिका १९८८ साली सुरू झाली. तेव्हापासून तीन तपे उलटली. गाड्या बदलल्या, नियम बदलले, आश्रयदाते आले आणि गेले, मालिकेच्या नावापुढे कधी या कंपनीचे तर कधी त्या प्रवर्तकाचे नाव लागले. म्हणून जो प्रश्न प्रथम सोडवला पाहिजे तो असा, की या साऱ्या फेरफारांतून एकच अजिंक्यपद सलग चालत आले आहे, की एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या स्पर्धा होऊन गेल्या आहेत? पहिले मत धरणारे मान्यता देणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडे बोट दाखवतात. दुसरे धरणारे नियम, वर्गवारी आणि गाड्यांकडे. शिवाय तिसरा एक पक्ष आहे, आणि त्याचे म्हणणे असे की १९८८ ही तारीखच मुळात उशिराची आहे. आधी या तिसऱ्या पक्षाचे ऐकून घेणे सोयीचे होईल.

पूर्वपीठिका

भारतात मोटारींची कसोटी घेण्याची हौस मोटारींइतकीच जुनी आहे, आणि तिचा उगम बव्हंशी मुंबई इलाख्यात आहे. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने १९०४च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत विश्वासार्हतेची चाचणी भरवली. म्हणजे कोणती गाडी सर्वांत वेगवान हे पाहायचे नव्हते, तर कोणती गाडी मध्येच न मोडता पोहोचते हे पाहायचे होते. त्यानंतर १९०८ साली मुंबई–कोल्हापूर अशी सुमारे ६२० मैलांची चाचणी झाली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या रोल्स-रॉइसने सह्याद्रीचे घाट चढून-उतरून त्या चाचणीत आपला लौकिक मिळवला आणि अखेरीस ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पागेत, किंवा आता तिला गॅरेज म्हटले पाहिजे, दाखल झाली. घाट, वळणे, धूळ, वेळेचा हिशेब आणि यंत्राचा टिकाव ही रॅलीची पाच अंगे या चाचण्यांत पुरेशी दिसतात. दिसत नाही ते एवढेच, की वर्षभराच्या अनेक फेऱ्यांचे गुण एकत्र करून देशाचा एक विजेता ठरवावा ही कल्पना.

१९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत वेगाच्या शर्यती जुन्या धावपट्ट्यांवर होऊ लागल्या: मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर, आणि आपल्या उपनगरात जुहू. या धावपट्टीवरच्या शर्यती होत्या, रॅली नव्हे. तथापि पुढे रॅलीला जे यंत्रज्ञ, जे संयोजक आणि जे वेळ नोंदवणारे मिळाले त्यांची तालीम येथेच झाली. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ची आहे, आणि दक्षिणेने या खेळात नंतर जी आघाडी घेतली तिचे बीज या तारखेत शोधावे लागते.

मुंबईने जगाची रॅली एकदा अगदी दाराशी पाहिली आहे. १९६८च्या नोव्हेंबरात लंडनहून ९८ गाड्या सिडनीकडे निघाल्या; युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करून त्या मुंबईस पोहोचल्या, येथे पहिला टप्पा संपला, आणि उरलेल्या गाड्या ‘चुसान’ या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाकडे रवाना करण्यात आल्या. मुंबईस पोहोचताना रॉजर क्लार्क आघाडीवर होता. सिडनीत जिंकला तो अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर गाडीतून. आघाडी एकाची आणि विजय दुसऱ्याचा, हे रॅलीचे वैशिष्ट्य मुंबईकरांना यापेक्षा ठळकपणे कोणी शिकवले नसते.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे हिमालयन रॅली. मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० साली सुरू झालेली ही रॅली सुमारे दशकभर चालली, तिने परदेशी चालकांना हिमाचल आणि गढवालच्या रस्त्यांवर आणले, आणि त्यांत केनियातील जयंत शाह यांच्यासारखे भारतीय वंशाचे चालकही होते, ज्यांचे शिक्षण पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत झाले होते. दक्षिणेत याच सुमारास कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबची के-१००० रॅली आपले पाय रोवीत होती. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, या रॅलींत जे चालक घडले तेच १९८८नंतर राष्ट्रीय विजेते झाले, तेव्हा इतिहासाची सीमारेषा १९८८वर ओढणे म्हणजे नदीचा उगम धरणापाशी मानण्यासारखे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अजिंक्यपद ही क्रीडेची हिशेबपद्धती असते, आणि हिशेब ज्या दिवशी सुरू झाला तो दिवस नोंदीसाठी धरावाच लागतो. प्रस्तुत लेखकाला १९८८ ही तारीख नोंदीसाठी योग्य आणि कथनासाठी अपुरी वाटते.

१९८८ची मांडणी

या तारखेचा संदर्भ बाहेरच्या जगातही आहे. जागतिक रॅली अजिंक्यपद १९७३ साली सुरू झाले होते. १९८६ साली पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मृत्यू पावले, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत कॉर्सिकामध्ये हेन्री तोइवोनेन व त्याचा सहचालक गाडीसह जळून गेले, तेव्हा ‘ग्रुप बी’ हा अतिशक्तिमान गाड्यांचा वर्ग बंद करण्यात आला. पुढचा काळ उत्पादनातील गाड्यांच्या जवळ असलेल्या वर्गांचा होता. भारतासारख्या देशाला, जेथे बाजारात मिळणाऱ्या गाडीत फारसा फेरफार करण्याची ऐपतच कोणाकडे नव्हती, हा बदल अनायासे सोयीचा ठरला.

देशातील मोटर क्लबांचा महासंघ, एफ.एम.एस.सी.आय., १९७१ साली स्थापन झाला होता. त्याच्या छत्राखाली निरनिराळ्या क्लबांच्या रॅली एका मालिकेत गुंफल्या गेल्या. सामान्य वाचकासाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुंबईत रविवारी सकाळी ज्या रॅली निघतात, ज्यांत ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला पोहोचायचे असते आणि लवकर पोहोचणाऱ्यालाही दंड होतो, त्या वेळ-वेग-अंतराच्या रॅली होत. महिलांसाठी भरणाऱ्या लोकप्रिय कार रॅली याच जातीच्या. राष्ट्रीय अजिंक्यपदाची रॅली निराळी. तिच्यात बंद केलेल्या रस्त्यांचे टप्पे असतात, त्यांना स्पेशल स्टेज म्हणतात, आणि तेथे गाड्या एकामागून एक ठराविक अंतराने सुटून शक्य तितक्या वेगाने धावतात. दोन स्टेजमधील रस्ता मात्र सर्वसामान्य रहदारीचे नियम पाळून कापायचा असतो. चालकाशेजारी बसलेला सहचालक आधी पाहणी करून लिहून ठेवलेल्या पेस नोट वाचत जातो, आणि पुढचे वळण डोळ्यांना दिसण्याआधी चालकाच्या कानाला समजते. सहचालकाची ही विद्या भारतात दुर्लक्षित राहिली आहे असे म्हणावे लागते. कासरगोडचे मुसा शरीफ यांच्यासारखा एखादा सोडला तर सहचालकांची नावे वर्तमानपत्रांनी क्वचितच मोठ्या अक्षरांत छापली.

गाड्यांची परंपरा

सलगतेच्या वादात सर्वाधिक पुरावा गाड्यांचा आहे, आणि तो पुरावा मुंबईकराच्या अगदी अंगणातला आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी, ही सुरुवातीच्या काळातील रॅलीची गाडी होती. टॅक्सीवाल्यांनी जिला कंटाळा येईपर्यंत राबवले तीच गाडी घाटात वळणावर मागचा भाग सरकवीत नेणारे चालक होते. तिच्याबरोबर अँबॅसॅडर होती, आणि १९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली. अवजड गाडीचा टिकाव की हलक्या गाडीचा चपळपणा, हा वाद त्या वेळी गॅरेजांतून रंगला असला पाहिजे. निकाल हलक्या गाडीच्या बाजूने लागला.

मात्र या मालिकेवर ज्या गाडीची मुद्रा सर्वांत खोल उमटली ती मारुती जिप्सी. १९८५ साली बाजारात आलेली ही चारही चाकांना गती देणारी गाडी सैन्याने आणि पोलिसांनी जितकी वापरली तितकीच रॅलीवाल्यांनी. चंदीगडचे हरी सिंग, पाच वेळा राष्ट्रीय विजेते, हे तिच्याच नावाने ओळखले गेले. पुढे कालौघात एस्टीम, बलेनो, होंडा सिटी, मित्सुबिशी लान्सर आणि तिची उत्तराधिकारी सेडिया अशा गाड्या आल्या, आणि त्यांनी पहिले स्थान जिप्सीकडून काढून घेतले. तरीही जिप्सीसाठी स्वतंत्र आव्हान-वर्ग राखण्यात आला, हा या खेळाने एका यंत्राला दिलेला बहुमानच होय.

यानंतरचे पर्व महाराष्ट्रातील कारखान्यांचे आहे. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवागन पोलो ही सोळाशे घनसेंटिमीटरच्या वर्गातील नित्याची गाडी झाली. ज्या महिंद्र कंपनीचा कांदिवलीचा कारखाना उपनगरातील कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे तिने २०११ साली बाजारात आणलेली एक्सयूव्ही ५०० रॅलीसाठी सज्ज करून उतरवली, आणि २०१९मध्ये नाशिकला तयार होणारी एक्सयूव्ही ३००. उंच बांध्याची, कुटुंबाला सहलीस नेण्यासाठी घडवलेली गाडी लहान मोटारींच्या पुढे जाते हे पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या. रॅलीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा जाहिरातीचा प्रकार वाटला, तर इतरांना तो खराब रस्त्यांच्या देशाला शोभेल असा प्रयोग वाटला. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात.

मुंबईतील माहुलात राहणाऱ्या माणसाला या परंपरेकडे पाहताना एक विसंगती जाणवल्यावाचून राहत नाही. १९५४-५५च्या सुमारास आमच्या गावाच्या हद्दीत दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, जे आज हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्याकडे आहेत. गाडी कुर्ल्याची, इंधन माहुलचे, कंपनी कांदिवलीची, आणि तरीही या उपनगरांत या खेळाला पाय ठेवायला जागा नाही. माहुलच्या रस्त्यावर टँकरांची जी रांग लागते तिच्यासाठी कोणत्याही सहचालकाला नोट लिहिण्याची गरज पडणार नाही.

मुखत्यारी कोणाची

सलगतेच्या प्रश्नाचे दुसरे अंग सत्तेचे आहे. कोणत्याही देशात आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफ.आय.ए.ची, सनद एकाच संस्थेकडे असते. भारतात एका कालखंडात या सनदेवरून दोन संस्थांत कज्जा झाला: एका बाजूस एफ.एम.एस.सी.आय., दुसऱ्या बाजूस नझीर हुसेन यांच्या नेतृत्वाखालील मोटरस्पोर्ट असोसिएशन ऑफ इंडिया. एका पक्षाचे म्हणणे असे की देशभरच्या क्लबांनी मिळून घडवलेली संस्थाच प्रातिनिधिक होय. दुसऱ्याचे असे की आंतरराष्ट्रीय अनुभव आणि जागतिक मंडळातील प्रवेश ज्याच्याकडे आहे त्याने कारभार पाहावा. अखेर अधिकार एफ.एम.एस.सी.आय.कडे राहिला. दोन्ही पक्षांत खेळावर प्रेम करणारी माणसे होती, आणि दोन्ही पक्षांनी त्या वर्षांत जी शक्ती पत्रव्यवहारात आणि दाव्यांत खर्च केली ती रस्त्यावर आली असती तर बरे झाले असते, एवढेच तटस्थपणे म्हणता येईल.

त्याहून सूक्ष्म प्रश्न पैशाचा. या मालिकेला जगवले ते टायर बनवणाऱ्या कंपन्यांनी, प्रामुख्याने एम.आर.एफ. आणि जे.के. टायर यांनी. कोइंबतूरचे एन. लीलाकृष्णन आणि हरी सिंग, नंतर नरेन कुमार, आणि त्याही नंतर दिल्लीचे गौरव गिल, या साऱ्यांच्या कर्तृत्वामागे कोणत्या ना कोणत्या संघाची गाडी, टायर आणि यंत्रज्ञ उभे होते. कंपन्यांची बाजू मांडणारे म्हणतात की सरकारी अनुदान नसलेल्या खेळात दुसरा मार्गच नव्हता, आणि फळही मिळाले: गिल २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षे आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपदाचे विजेते झाले, एम.आर.एफ.च्या संघातून एफ्रेन यारेना या स्पॅनिश चालकाने २०२२चे युरोपीय रॅली अजिंक्यपद जिंकले. आक्षेप घेणारे उलट विचारतात की, चेन्नईच्या कंपनीचे टायर युरोप जिंकतात आणि देशातील मालिकेला मात्र दर काही वर्षांनी नवा प्रवर्तक शोधावा लागतो, हे यश नेमके कोणाचे? कंपनी संघ मागे घेते तेव्हा एका रात्रीत शर्यतीची वरची फळी रिकामी होते. मागे उरतात ते स्वतःच्या खिशातून खर्च करणारे खाजगी स्पर्धक, बहुधा मळेवाले, व्यापारी, गॅरेजमालक. प्रवर्तकाकडे व्यापारी हक्क सोपवण्याची अलीकडची पद्धत यावर तोडगा म्हणून आली. तिने प्रसारणाची आणि पारितोषिकांची थोडी शिस्त लावली, पण प्रवर्तक बदलला की नाव, चिन्ह आणि पुष्कळदा वर्गवारी बदलते, आणि सलगतेचा प्रश्न पुन्हा जागच्या जागी येतो.

क्रीडा, कायदा आणि सुरक्षितता

हा खेळ आहे काय, असे सरकारदरबारी गंभीरपणे विचारले गेले आहे. २००९च्या सुमारास फॉर्म्युला वनच्या निमित्ताने केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने असे मत नोंदवले होते की ती शर्यत म्हणजे क्रीडेपेक्षा करमणूक अधिक. दहा वर्षांनी, २०१९ साली, गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; मोटार-क्रीडेला मिळालेला तो पहिलाच. शासनाच्या मनातील प्रश्नाचे उत्तर बदलले असे यावरून समजावे, किंवा प्रश्नच विसरला गेला असे समजावे. फेरविचाराचा लेखी ठराव हाती नसता दोन्ही अर्थ संभवतात.

कायद्याची स्थिती अधिक स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, योगायोगाने १९८८चाच, आपल्या १८९व्या कलमात सार्वजनिक ठिकाणी राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा ठरवतो. पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत असलेला दंड २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यास पाच हजारांपर्यंत आणि पुन्हा केल्यास दहा हजारांपर्यंत नेला. म्हणजे रॅलीचे संपूर्ण अस्तित्व संमतीच्या एका कागदावर अवलंबून आहे. तो मिळवताना जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, ग्रामपंचायत, वाट वनहद्दीतून जात असेल तर वनखाते, अशी दफ्तरे पालथी घालावी लागतात. संयोजकांना ही दगदग जाचक वाटते. परंतु त्याच २०१९च्या सप्टेंबरात राजस्थानात राष्ट्रीय मालिकेच्या जोधपूर फेरीत, बारमेर जिल्ह्यातील एका स्टेजवर, मोटारसायकलवरून मार्गात आलेल्या एकाच कुटुंबातील तीन माणसांना स्पर्धेच्या गाडीची धडक बसून ती मृत्युमुखी पडली, आणि स्पर्धा तेथेच थांबवण्यात आली, हे समोर ठेवले की त्या कागदाचे महत्त्व कोणालाही नाकारता येणार नाही.

त्या घटनेनंतरच्या चर्चेत दोन भूमिका पुढे येतात. एक अशी की गावकऱ्यांना पूर्वसूचना, पुरेसे मार्शल आणि प्रत्येक फाट्यावर अडसर या गोष्टी पुस्तकात आहेत, त्यांचा अंमल कडक करावा, म्हणजे सार्वजनिक वाटांवरची रॅली सुरक्षित होईल. दुसरी अशी की दाट वस्तीच्या या देशात प्रत्येक पायवाट बंद करणे अशक्यप्राय आहे. म्हणून कर्नाटकातील चिकमगळूरच्या कॉफीमळ्यांप्रमाणे खाजगी, फाटकबंद जमिनीवरच स्टेज आखावेत. या मार्गाने जीव वाचतात हे निःसंशय. परंतु मग रॅली जमीनदारांच्या मर्जीवर जगेल, आणि ज्या गावांच्या धुळीतून तिचा प्रेक्षक येतो तो प्रेक्षक कुंपणाबाहेर राहील. या वादाचा निर्णय अद्याप झालेला नाही. प्रस्तुत लेखकाचे मत, विचारल्यास, दुसऱ्या भूमिकेकडे झुकते.

महाराष्ट्राचे स्थान

राष्ट्रीय मालिकेत महाराष्ट्राची फेरी म्हणून जिचा लौकिक झाला ती नाशिकची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’. नाशिकच्या क्रीडासंघटनेने तिचे संयोजन केले, आणि आसपासच्या तालुक्यांतील मातीच्या रस्त्यांनी दक्षिणेतल्या कसलेल्या चालकांचीही परीक्षा घेतली. पुण्याचे संजय टकले यांच्यासारखे चालक थायलंड आणि मलेशियातील रॅलींत आणि पुढे २०२५च्या डकार क्लासिकमध्ये उतरले. इतके असूनही महाराष्ट्र हा या खेळाचा बालेकिल्ला झाला नाही. तो मान कोइंबतूर, चेन्नई, बंगळूर आणि चिकमगळूर यांच्याकडे राहिला. कोइंबतूरला लोहभट्ट्यांचा, सुट्या भागांचा आणि कुशल यंत्रज्ञांचा शेजार आहे, कर्नाटकाला मळ्यांचे रस्ते आहेत, आणि दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे क्लब आहेत. आपल्याकडे कारखाने आले, क्लबांची ती घट्ट वीण मात्र आली नाही. मुंबईत तर जमिनीच्या भावाने हा प्रश्नच निकालात काढला. जुहूची धावपट्टी शर्यतींस बंद झाली, आणि तरुणांच्या वेगाच्या हौसेला वांद्रे-कुर्ला संकुलात वा द्रुतगती मार्गावर रात्री बेकायदा वाट सापडते, जिचा शेवट पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयात होतो. रॅलीचे पुरस्कर्ते म्हणतात की नियमबद्ध खेळ उपलब्ध झाला तर ही हौस तिकडे वळेल. टीकाकार म्हणतात की वेगाला प्रतिष्ठा दिली तर ती रस्त्यावर अधिकच उतरेल.

आरंभीच्या प्रश्नाकडे येताना असे दिसते की, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने ही मालिका एक आहे आणि गाडी, वर्ग व आश्रय यांच्या दृष्टीने ती अनेक आहे. या दोन उत्तरांत रुजुवात करायची तर प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक फेरीचा संपूर्ण निकाल, वर्गवारीसह, एका ठिकाणी प्रसिद्ध असला पाहिजे. केवळ विजेत्यांच्या नावांची यादी त्यास पुरत नाही. महासंघाने हे दफ्तर आता छापील स्वरूपात काढावे. ज्यांनी नाशिकच्या, हिमालयाच्या किंवा त्याआधीच्या रॅलींत भाग घेतला, मार्शल म्हणून उन्हात उभे राहिले किंवा गॅरेजात रात्र काढली, त्यांच्या कपाटांत रोडबुके, टाइम-कार्डे आणि पेस नोटांच्या वह्या असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची एक छायाप्रत आपल्या क्लबाकडे आणि एक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या सार्वजनिक संस्थेकडे द्यावी, ही विनंती.